जिप्सीची टाकी

नवापुरात पेट्रोल कुठे भरायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही. सुरतेच्या दिशेला तोंड करून निघालं की थोड्याच वेळात गुजरात लागतं आणि तिथे पेट्रोल लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त. त्यामुळे गावातली शहाणी माणसं टाकी तिकडे भरतात आणि इकडच्या पंपावर फक्त हवा तपासतात. बाहेरच्या लोकांना याची गंमत वाटते. आम्हाला वाटत नाही, कारण आमचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत! अशा गावातल्या माणसाला परराज्याचं काय कौतुक असणार?

पण पेट्रोल भरायला आधी टाकी लागते, आणि आमच्या जिप्सीची टाकी यंदाच्या पावसाळ्यात गेली.

ही जिप्सी आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील, सरकारी जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. गाडी १९९५ सालची, मारुती जिप्सी, ९७० सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, वर कापडी टप. ज्या वर्षी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, म्हणजे १९९८ साली, आप्पांनी ती नाशिकहून जुनी घेतली. नंबर अजून एमएच-१५ च आहे. गाडीत एसी नाही, स्टिअरिंग जड, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसलं की पोटातलं पाणी हलतं. तरी डोंगरातल्या पाड्यांवर अडलेली म्हैस सोडवायला रात्री अकराला जायचं असेल तर दुसरी गाडी चालायची नाही. पुढचा गिअर टाकला की चारही चाकं ओढायला लागतात, आणि वजन इतकं कमी की रुतली तर चार माणसं उचलून बाजूला ठेवतात. मी स्वतः पाहिलंय.

जिप्सी भारतात १९८५ च्या डिसेंबरात आली आणि २०१९ पर्यंत बनत होती. लष्कर, पोलीस, जंगल खातं सगळीकडे तीच. तिच्या आधी जी खरी जीप होती ना, विलीज, तिची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असायची. पेट्रोल भरायचं म्हणजे साहेबांनी खाली उतरायचं आणि सीट उचलायची. आपण पेट्रोलवर बसलोय हे त्या काळच्या ड्रायव्हरांना रोज आठवत असणार. जिप्सीत टाकी गेली मागे, मागच्या ॲक्सलच्याही मागे, फरशीच्या खाली. माणसं सुटली, पण टाकी चिखलाच्या तोंडी आली. मागची चाकं जेवढा चिखल उडवतात त्यातला बराचसा टाकीच्या आणि तिच्या खालच्या संरक्षक पत्र्याच्या मध्ये जाऊन बसतो. तिथे तो वाळत नाही. आमच्याकडे चार महिने पाऊस, आणि गाडी आता वर्षातले दहा महिने अंगणात उभी. आतून पाणी, बाहेरून चिखल. तीस वर्षं टिकली हेच खूप.

आतलं पाणी कुठून आलं? अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते आणि थेंब तळाला जातात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मुरतं, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि खाली बसतात. रोज चालणाऱ्या गाडीला याने फारसं काही होत नाही, पेट्रोल टिकतंच कुठे तितके दिवस! उभ्या राहिलेल्या जुन्या लोखंडी टाकीला मात्र ते बरोबर तळाच्या शिवणीवर गाठतं.

दिवाळीला मी पुण्याहून घरी आलो तेव्हा अंगणात पेट्रोलचा वास होता आणि गाडीखाली ताटाएवढा डाग. आप्पांनी शिवणीवर कपडे धुण्याचा साबण चोळून ठेवला होता. हा जुना उपाय आहे आणि चालतो, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण साबणाने दोन-चार दिवस निभतात, वर्ष नाही. इंजिनाजवळच्या पारदर्शक फिल्टरमध्ये चहासारखं पाणी दिसत होतं.

आता खरा प्रश्न. गाडीचं रजिस्ट्रेशन नोव्हेंबरात संपत होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते नव्याने करावं लागतं. २०१०, २०१५, २०२० अशी तीनदा झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारगाडीची नूतनीकरणाची फी दहा हजार झाली, वर पर्यावरण कर, वर टायर, आणि आता टाकी. ताईचं मत स्पष्ट होतं. भाऊबीजेच्या ताटावरच ती म्हणाली, "आप्पा, तुम्हाला आता रात्रीचं दिसत नाही, गुडघ्याने क्लच दाबत नाही. कुणासाठी ठेवायची गाडी?" आप्पा काही बोलले नाहीत. लाडू मोडत बसले. ताईचं चूक नव्हतं. मीही हिशेब करून पाहिला होता आणि तो तिच्याच बाजूने येत होता.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "मोठेभाईंना दाखवून तर आणू. ते म्हणतील तसं."

मोठेभाई आणि छोटेभाई हे हायवेवरच्या गॅरेजवाले दोघे भाऊ. घरात गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी, गाडीशी हिंदी. छोटेभाई काम करतात. मोठेभाई खुर्चीवर बसतात आणि ऐकतात. त्यांची बोटं मिटत नाहीत.

१९९९ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. मोठेभाई एका गाडीची पेट्रोलची टाकी जोडत होते. हो, डिझेलच्या गाड्यांच्या टाक्या सगळेच जोडतात, पेट्रोलची फार कमी लोक हातात घेतात. टाकी रिकामी केलेली, दोन दिवस उन्हात ठेवलेली, वास जवळजवळ गेलेला. लोकांना वाटतं भरलेली टाकी धोक्याची. उलट आहे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि तीसुद्धा हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट की तिला जळायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत मात्र तळाच्या कोपऱ्यात, गंजाच्या पापुद्र्याखाली दोन चमचे पेट्रोल राहिलेलं असतं. ज्योत लागली की पत्रा तापतो, ते दोन चमचे उडतात आणि मिश्रण बरोबर जमतं. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून उघड्या तोंडातून निघूनही जात नाही.

आवाज आमच्या घरापर्यंत आला होता. आप्पांनी मोठेभाईंना जिप्सीच्या मागच्या बाकावर झोपवलं, ओल्या चादरीत, आणि सुरतेला नेलं. शंभरावर किलोमीटर. छोटेभाई मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. आप्पा त्या रात्रीबद्दल फक्त एवढंच सांगतात की सोनगडला फाटक बंद नव्हतं. मोठेभाई वाचले. हात राहिले, बोटं गेली. त्या दिवसापासून त्या गॅरेजात कुठल्याही टाकीजवळ ज्योत नेत नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

म्हणून आम्ही गेलो तेव्हा मी "ब्रेझिंग करून चालेल का, आत पाणी भरून करतात म्हणे" असं विचारल्यावर छोटेभाईंनी भावाकडे पाहिलं आणि मोठेभाई नुसते म्हणाले, "नवी आणा." नंतर थोड्या वेळाने, "करणारे करतात. बरोबरच करतात. आपण नाही करत."

गाडी ठेवायची की नाही हा विषयच निघाला नाही. मोठेभाईंनी आप्पांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, पासिंग कधी आहे?" आप्पा म्हणाले, "अठ्ठावीस दिवस आहेत." झालं!

टाकी मिळवणं ही वेगळीच कथा. धुळ्याच्या एका दुकानात कोरी टाकी होती, पण इंजेक्शनवाल्या जिप्सीची. त्या गाडीचा पंप विजेचा आणि टाकीच्या आत बसतो, त्यामुळे वरचं भोक मोठं आणि नळ्या वेगळ्या. आमच्या गाडीचा पंप इंजिनाला चिकटलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा. दुकानदार म्हणाला, प्लेट मारून बसवा. छोटेभाईंनी फोनवरच नाही म्हटलं. सुरतेत एक जण पत्र्याची टाकी बनवून द्यायला तयार होता, निम्म्या किमतीत. छोटेभाईंनी त्याला एकच प्रश्न विचारायला लावला: आत पडदे टाकणार का? टाकीत आडवे पत्रे असतात, नाहीतर वळणावर तीस किलो पेट्रोल एका बाजूला धाव घेतं, आणि चढावर पेट्रोल असूनही नळीला हवा लागते. कोंडाईबारीच्या घाटात ते कळतं. तो म्हणाला, पडद्यांचे जास्त पडतील. म्हणजे एरवी टाकत नव्हता. शेवटी नाशिकला जुन्या साठ्यातली, कार्ब्युरेटरवाली, तेल लावून कागदात गुंडाळलेली टाकी सापडली. साडेसहा हजार. एसटीच्या पार्सलने नवापूर डेपोला आली. हमालाने डोक्यावरून आणताना ती ढोलासारखी वाजत होती.

आता बसवण्याचं काम. गॅरेजात गाडी वर उचलायची सोय नाही. दोन जॅक, लाकडी ठोकळे आणि दगड. छोटेभाईंनी आधी बॅटरीची काळी वायर काढली, अंगणातली चहाची शेगडी बंद करवली, माझा मोबाईल काढून घेऊन टेबलावर ठेवला. मोठेभाईंनी खुर्ची गाडीच्या मागे ओढून घेतली. काम करायला होता एक मावची पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, बांबूसारखे हात. कारण असं की जिप्सीच्या टाकीच्या सगळ्या नळ्या वरच्या अंगाला, आणि टाकी व फरशी यांच्यामध्ये जेमतेम मनगट जाईल एवढी जागा. दिसत काही नाही. बोटांनी पाहायचं.

तळाचा बोल्ट काढून उरलेलं पेट्रोल डब्यात घेतलं, चारेक लिटर, गढूळ. मग भरण्याच्या तोंडाचे स्क्रू. मग तिथली जाड रबरी नळी, जी तीस वर्षांत रबर राहिली नव्हती, खापरासारखी तुटली. तिच्या शेजारी एक बारीक नळी असते, श्वासाची. पेट्रोल आत जाताना हवा बाहेर यायला वाट. मग वरच्या तीन: एक इंजिनाकडे जाणारी, एक उरलेलं परत आणणारी, एक वाफेची. मोठेभाई म्हणाले, "काढायच्या आधी दोरा बांध. तांबडा जाणाऱ्याला, पांढरा येणाऱ्याला." पोरगा पाठीवर झोपून, डोळे मिटून, एका हाताने दोरा बांधत होता. डोळे का मिटले विचारलं तर म्हणाला, उघडे ठेवले की माती पडते आणि दिसत तर नाहीच.

मग बोल्ट. चारांपैकी दोन फिरले. दोन गंजून एकजीव. एरवी अशा बोल्टला गॅसची ज्योत दाखवतात, तांबडा झाला की सुटतो. इथे तो मार्ग नाही. ग्राइंडरही नाही, ठिणग्या उडतात. डिझेल शिंपडून रात्रभर ठेवलं. सकाळी एक सुटला. दुसरा हाताच्या हॅक्सॉ पातीने कापला, पोरगा कापतोय आणि छोटेभाई बाटलीने पाण्याची धार सोडतायत. दीड तास लागला त्या एका बोल्टला. मोठेभाई पातीचा आवाज ऐकून सांगायचे, "थांब, गरम झाली." मी हात लावून पाहिला, खरंच गरम असायची.

टाकी जॅकवरच्या फळीवर अलगद उतरली, आणि तिच्याबरोबर दोन टोपल्या माती. काळी, तांबडी, थरावर थर. आप्पा खुर्चीवरून उठून आले आणि वाकून ती माती काठीने उकरायला लागले. एका थरात पांढरट भुकटी होती. आप्पा म्हणाले, "ही चुन्याची असेल. सालची." सहा सालची, म्हणजे २००६ ची.

खरंच तेव्हाची होती की नाही, देव जाणे. पण १८ फेब्रुवारी २००६ ला नवापुरातल्या कोंबड्यांना बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. भारतातला पहिला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले होते. त्यानंतरचे दिवस आम्ही टीव्हीवर आमचंच गाव बघत होतो, पांढरे पोशाख घातलेली माणसं, खड्डे, चुना. लाखांनी कोंबड्या मारल्या. मोठ्या फार्मांचं काम पथकांनी केलं. आप्पा वेगळ्या कामावर होते. पाड्यांवर घरोघरी जाऊन चार-पाच कोंबड्या गोळा करायच्या, समजावून. ऑफिसची गाडी जाईना तिथे ही जिप्सी गेली. ज्या घरात आप्पांनी वर्षानुवर्षं बकऱ्यांना लस टोचली तिथून ते कोंबड्या घेऊन आले. एका म्हातारीने स्वतःहून खुराडं उघडून दिलं आणि वर चहा केला. आप्पांनी तो घेतला नाही, घेण्याची परवानगी नव्हती. हे त्यांना अजून खुपतं, कोंबड्यांपेक्षाही जास्त. रोज संध्याकाळी गाडी खालून-वरून धुवायची, चुन्याच्या पाण्याने. असो.

टाकी निघाल्यावर मागे चॅसीची आडवी पट्टी उघडी पडली. तिच्यावर गंज होता, पण हातोड्याने ठोकून पाहिल्यावर आवाज भरीव आला. तारेच्या ब्रशने घासली, रेड ऑक्साइड, वर काळा रंग, आणि एक दिवस वाळू दिलं. पुण्यात मला कुणी हा एक दिवस दिला नसता. टाकी लावली की पट्टी पुन्हा पंचवीस वर्षं दिसणार नाही, म्हणून हा दिवस द्यायचा, असं छोटेभाईंचं म्हणणं.

नवी टाकी पेट्रोलने खळखळून धुतली, कारण आत कारखान्याचं तेल असतं. जुना फ्लोट साफ करून नव्या पॅकिंगवर बसवला. बसवण्याआधी तारा जोडून काटा बघितला. फ्लोट खाली, काटा शून्यावर. वर, काटा भरलेल्यावर. आप्पांना हे बघून आश्चर्य वाटलं, त्यांच्या आठवणीत तो काटा पाव टाकीच्या वर कधी गेला नव्हता. टाकी जिथे पट्टीला टेकते तिथे ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घातले, पत्र्यावर पत्रा घासायला नको. एक भोक तीन-चार मिलिमीटर सरकलेलं निघालं. कानशीने लांबवलं, टाकी बसवण्याआधी, बाहेर नेऊन.

भरण्याच्या नळीवरून मात्र थोडी वादावादी झाली. दुकानात रेडिएटरची नळी होती, मापाला बरोबर. मी म्हटलं, चालेल की. मोठेभाई म्हणाले, पाण्याचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं आणि मऊ होतं, सहा महिन्यांत सुटेल, आणि सुटेल ते सायलेन्सरपासून हातभर अंतरावर. पेट्रोलचीच नळी, तीही इथेनॉल चालणारी, सुरतेहून मागवली. आणखी एक दिवस. माझी सुट्टी संपत आली होती. मी ऑफिसला मेल टाकला.

तिसऱ्या दिवशी टाकी वर चढली. पोरग्याने डोळे मिटून तांबडा दोरा, पांढरा दोरा, क्लिपा. कार्ब्युरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतून सेल्फ मारला. दोनदा घुरघुरली, तिसऱ्याला लागली. फिल्टरमध्ये स्वच्छ पिवळसर पेट्रोल चढताना दिसलं.

पण टाकी रिकामी असताना काहीच कळत नाही. फ्लोटचं पॅकिंग आणि सगळ्या नळ्या वरच्या अंगाला, त्यामुळे गळती असलीच तर टाकी काठोकाठ भरल्यावर दिसते. तेव्हा निघालो गुजरातेत. मी चालवायला, शेजारी आप्पा, मागे छोटेभाई आणि पोरगा. हद्दीवर गुजरात पोलिसांनी थांबवलं. तिकडे दारूबंदी, त्यामुळे आमच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांत काय काय आणि कुठे कुठे लपवून नेतात याचे किस्से इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. हवालदाराने वाकून पाहिलं. तीस वर्षांची खटारा गाडी आणि खाली चकचकीत नवी कोरी टाकी! त्याने काठीने वाजवली. ढम्म. रिकामी. "आमां शुं छे?" छोटेभाईंनी झाकण उघडून दिलं. त्याने नाक लावलं, तोंड वाकडं केलं, आणि आम्हाला सोडलं. जाता जाता विचारलं, "नवी बेसाडी? केटला मां?" त्याच्या काकांकडेही जिप्सी होती म्हणे.

पंपावर दहा लिटर घातले, पोरगा खाली शिरून बघून आला. वीस. पुन्हा. मग भरेपर्यंत. नळी मध्ये एकदाही फटकन बंद झाली नाही, म्हणजे श्वासाची नळी कुठे मुडपलेली नव्हती. पोरग्याने बोटं वरून फिरवून आणली आणि हुंगली. कोरडी. परतताना छोटेभाईंनी मला दोनदा जोरात ब्रेक मारायला लावला आणि एकदा मुद्दाम खड्ड्यातून घ्यायला लावली.

नोव्हेंबरात पासिंग झालं. पुढचं २०३० ला. ताईला मी फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "किती गेले?" मी खरा आकडा सांगितला. मग म्हणाली, "आप्पांना रात्री चालवू देऊ नका."

जुनी टाकी गॅरेजच्या मागच्या भिंतीला ठेवली होती. भंगारवाला आला तेव्हा मोठेभाईंनी तिच्यात काठोकाठ पाणी भरून ठेवलेलं होतं, आणि त्याला बजावलं की गॅसने कापायची नाही, छिन्नीने. त्याने हो म्हटलं आणि आमच्यासमोर पाणी ओतून टाकलं. तशी मोठेभाईंनी सौदा मोडला. टाकी पुन्हा भिंतीला, पुन्हा पाण्याने भरून. मी निघालो तेव्हा तिथेच होती, आणि पोरगा त्या पाण्यात हात धूत होता.